यार्डातली सकाळची फेरी

वस्तादांना चिखलाचा मनस्वी राग. सत्तावीस वर्षं त्यांनी डेपोच्या यार्डात गाड्यांखाली उताणं पडून काढली आणि त्यातली निम्मी तरी चिखलात. पाठीखाली गोणपाट, गोणपाटाखाली पाणी आणि वरून तोंडावर टपकणारं काळं तेल. घरी आले की बायको दारातच अडवायची. "थांबा, आधी ओळख पटू दे," म्हणायची. यार्डात सिमेंट करा असा पहिला अर्ज वस्तादांनी लिहिला तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. मग दरवर्षी एक, असे चौदा अर्ज झाले, मिशा पांढऱ्या झाल्या आणि पंधराव्या वर्षी सिमेंट झालं. मागणाऱ्यानं मागावं, पण मिळाल्यावर काय होईल याचाही थोडा विचार करावा. तेवढा विचार वस्तादांनी केला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

डेपो विजेच्या खात्याचा. डोंगरातल्या तारा आणि मनोरे सांभाळायचे, म्हणून खात्याकडे नऊ जुन्या फोर-व्हील गाड्या. जुन्या म्हणजे किती जुन्या, तर त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखानेही बंद पडलेले. अशा गाडीला गिअरच्या दांड्याशेजारी एक छोटा लिव्हर असतो. साध्या रस्त्यावर गाडी मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. खडी आली, चढ आला, की छोटा लिव्हर ओढायचा. मग पुढची चाकंही जोर लावायला लागतात आणि गाडी घोरपडीसारखी चढते.

आता यातली मेख अशी, की लिव्हर ओढला म्हणजे पुढची आणि मागची चाकं आतून एकमेकांना जखडली जातात. वळण घेताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी. जमीन भुसभुशीत असली तर एखादं चाक जरासं घसरतं आणि दोघांचं जमून जातं. पण जमीन कडक आणि कोरडी असली तर घसरायला जागा नाही. मग तो फरक जातो कुठं? गाडीच्या पोटात. आतल्या दांड्यांना पीळ भरत जातो, दोघी बायका चादरीची दोन टोकं धरून पिळतात तसा. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकून बसतो, आणि कधीतरी डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांच्या मधला तो दात्यांचा गोळा, फुटतो. वस्ताद हे नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगत. "डांबरी रस्त्यावर लिव्हर ओढलास तर तुझे हात मी ओढीन," असं सांगत, आणि ऐकणाऱ्याला ते खरं वाटे.

वस्तादांचा आणखी एक नियम होता आणि तो त्यांचा स्वतःचा. कुठल्या पुस्तकात नाही, कुणा साहेबाचा हुकूम नाही. लिव्हर महिनोन्‌महिने वापरला नाही तर गंजतो आणि पुढच्या गोळ्यातलं तेल तळाशी बसून राहतं. म्हणून रोज सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरनं यार्डात छोटा लिव्हर ओढायचा, पाण्याच्या टाकीभोवती एक फेरी मारायची, लिव्हर सोडायचा आणि मगच फाटक ओलांडायचं. वीस वर्षं ही फेरी चालली. वस्ताद चहाचा पेला घेऊन पायरीवर उभे राहत आणि नऊ गाड्या एकामागून एक टाकीला प्रदक्षिणा घालत. दुसऱ्या डेपोंतल्या गाड्या भंगारात गेल्या, इथल्या चालत राहिल्या. वरचे साहेब आले की विचारत, "काय हो वस्ताद, काय खाऊ घालता गाड्यांना?" वस्ताद मिशीतल्या मिशीत हसत. माणसाला आपल्या हातचं एवढं कौतुक असू नये.

नऊ ड्रायव्हरांत एक वस्तादांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला नोकरीला चिकटवला वस्तादांनीच, त्यामुळे सगळे त्याला 'मेहुणा' म्हणत. शिपाई म्हणे मेहुणा, वेल्डर म्हणे मेहुणा, एकदा तर साहेबांनीही हाक मारली, "मेहुण्याला पाठवा." म्हणजे तो अख्ख्या खात्याचा मेहुणा. बिचारा सरळ माणूस. चार नंबरची गाडी त्याची, आणि ती त्यानं पोटच्या पोरासारखी ठेवली होती. फेरीच्या बाबतीत तर विचारू नका. बाकीचे बिलंदर. वस्तादांची पाठ वळली की लिव्हरला नुसता हात लावून ओढल्याचं सोंग करायचे. मेहुणा मात्र नियमाचा पक्का. एक फेरी उजवीकडून, एक डावीकडून, अशा दोन मारायचा. दाजींनी सांगितलंय म्हटल्यावर संपलं.

सिमेंट झालं त्या दिवशी वरचे मोठे साहेब आले, फीत कापली, वस्तादांना शेजारी उभं करून फोटो काढला. तो फोटो ऑफिसात लागला. वस्तादांनी दुसऱ्या दिवशी त्या गुळगुळीत, पांढऱ्याफटक जमिनीवर गोणपाट न टाकता पाठ टेकली आणि डोळे मिटून पाच मिनिटं नुसते पडून राहिले. गाडी कुठलीच नव्हती वर. वेल्डर म्हणाला, "वस्ताद, उशी आणू का?"

महिनाभरानं एका सकाळी मेहुणा फेरी मारून उतरला आणि पायरीशी आला. "दाजी, हल्ली फेरीत स्टिअरिंग जड लागतं. लिव्हर पण सुटत नाही पटकन, हिसका द्यावा लागतो."

वस्ताद तेव्हा चारचौघांत उभे होते. आणि चारचौघांत मेहुण्याची टिंगल करायची नाही तर कुणाची करायची? "स्टिअरिंग नाही जड झालं, तूच जड झालायस," ते म्हणाले. "बहिणीकडं येऊन ताटभर हाणायचं आणि सकाळी मनगटात दम नाही. नाचता येईना अंगण वाकडं." सगळे खो खो हसले. मेहुणाही हसला. पुन्हा तो त्याविषयी बोलला नाही.

त्याच सुमारास टाकीभोवती सिमेंटवर काळे पट्टे उमटायला लागले. वस्तादांना त्या पट्ट्यांचा संताप. ड्रायव्हर माजलेत, ब्रेक दाबून टायर घासतात, असं म्हणत त्यांनी झाडणाऱ्या बाईला रोज ते घासून काढायला लावलं. ती एकदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "वस्ताद, हे रोज नेमके त्याच जागी कसे उमटतात हो?"

"कारण ड्रायव्हर रोज तीच गाढवं असतात," वस्ताद म्हणाले.

अंगठाछाप बाई ती. तिला जे दिसलं ते सत्तावीस वर्षं गाड्या उलगडणाऱ्या माणसाला दिसलं नाही. सहाव्या महिन्यात दोन नंबरचा पुढचा गोळा गेला. वस्तादांनी तेलाला दोष दिला. दोन गाड्यांचे टायर अर्ध्यात झिजले. वस्तादांनी टायरला दोष दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

अकराव्या महिन्यात चार नंबर डोंगरात मोडली. मनोऱ्याच्या खडीच्या चढावर मेहुण्यानं लिव्हर ओढला, गाडी निम्म्यावर चढली, आणि पोटात धाडकन आवाज होऊन जोर एकदम गेला. गाडी मागं यायला लागली. मेहुण्यानं ब्रेकवर पाय रोवला, पण चाकं खडीवरून तशीच घसरत राहिली. मागच्या पायरीवर एक लाइनमन उभा होता. त्यानं उडी टाकली ती चाकाच्या बाजूलाच. गुडघ्याखाली पाय गेला. लाकडाचा बसवला पुढं.

गाडी ओढून यार्डात आणली. वस्तादांनी ती स्वतः उलगडली, कुणाला हात लावू दिला नाही. पुढच्या गोळ्याचे दाते कणसाचे दाणे गळावेत तसे खाली पडले. चाकाकडं जाणारी दांडी बाहेर ओढली तर तिच्या टोकाच्या खाचा, ज्या फुटपट्टीसारख्या सरळ असतात, त्या तिरक्या झाल्या होत्या. लोखंडाला पीळ पडला होता. एका दिवसात पडणारा नव्हे. महिनोन्‌महिने कुणीतरी कडक जमिनीवर फोर-व्हील लावून ही गाडी वळवली होती.

वस्तादांचं ज्ञान इथपर्यंत बिनचूक होतं, हेच तर सगळ्यात वाईट. अडाणी असते तर म्हणाले असते, जुनी गाडी, मोडली. पण ते वस्ताद. त्यांना पीळ ओळखता येत होता, आणि पीळ डांबरी रस्त्यावर लिव्हर ओढल्यानं पडतो एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"डांबरीवर लिव्हर ओढून चालवायचास ना?" त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"नाही दाजी. खडी लागल्यावरच ओढतो. तुम्हीच शिकवलंय."

"मग ही दांडी काय म्हणते?"

मेहुणा दांडीकडं बघत राहिला. त्याला काय कळणार, दांडी काय म्हणते ते. "तुम्हाला जास्त माहीत, दाजी," तो म्हणाला, "पण मी नाही ओढला."

चौकशी बसली. डेपोचे साहेब, वरच्या ऑफिसातले एक, आणि लिहून घ्यायला कारकून. वस्तादांचं मत मागितलं. आता मेहुणा आपला, थोडं सांभाळून बोलावं असं कुणीही मनात आणलं असतं. वस्तादांनीही आणलं, आणि आणलं म्हणून त्यांना स्वतःची लाज वाटली. नात्यागोत्यासाठी खोटं बोलणारा माणूस मी नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि नेहमीपेक्षाही ठासून बोलले. ती दांडी टेबलावर ठेवली, खाचा बोटानं दाखवल्या. "माणूस खोटं बोलतो, लोखंड खोटं बोलत नाही," म्हणाले. "चालकानं कोरड्या कडक रस्त्यावर वारंवार फोर-व्हील वापरली. दुसरं कारण असू शकत नाही." कारकुनानं शब्दन्‌शब्द लिहून घेतला. वरच्या ऑफिसातले गृहस्थ उठून वस्तादांशी हात मिळवून गेले. सख्ख्या मेहुण्याला सोडलं नाही, असा माणूस आजकाल बघायला मिळत नाही म्हणाले.

मेहुण्याची नोकरी गेली, लायसन्सही गेलं.

त्या संध्याकाळी तो बहिणीकडं आला. वस्ताद खाटेवर बसले होते, बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं चपलाही काढल्या नाहीत. दाराच्या चौकटीशी उभा राहून म्हणाला, "ताई, तुझी शपथ घेऊन सांगतो. मी डांबरीवर लिव्हर ओढला नाही. कधीच नाही."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. या भावाला तिनं कडेवर घेऊन वाढवला होता, आई दवाखान्यात असताना त्याचं शाळेचं दप्तर भरलं होतं. वस्तादांनी नुसती मान हलवली. नाही, अशी. तीस वर्षांच्या संसारात गाडीच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द खोटा ठरल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. ती घडी हातात तशीच धरून भावाला म्हणाली, "खोटी शपथ घेऊन मला मारू नकोस रे."

तो गेला. मग चार महिने आला नाही. तिनंही बोलावलं नाही.

वस्तादांनी ती पिळलेली दांडी आपल्या बाकावर ठेवून दिली होती. नवा ड्रायव्हर आला की दाखवायचे. "बघ, असं होतं."

चार नंबरला दुसऱ्या डेपोच्या भंगारातला गोळा बसवला, दांड्याही तिथल्याच घातल्या, पण तिच्यावर ड्रायव्हर कुणी द्यायला तयार नव्हतं. वस्तादांना निवृत्तीला दीड महिना उरला होता. गाडी उभी राहून गंजू नये म्हणून ते स्वतःच सकाळी तिची फेरी मारायला लागले. वीस वर्षं त्यांनी फेरी पायरीवरून पाहिली होती. स्टिअरिंगवर बसून मारली नव्हती. आणि मेहुण्याची गाडी म्हणून की काय कोण जाणे, त्यांनी दोन्ही बाजूंनी मारली. उजवीकडून एक, डावीकडून एक.

चौथ्या सकाळी दुसऱ्या फेरीत स्टिअरिंग असं जड आलं, की दोन्ही हात लावावे लागले. टाकीशी येऊन त्यांनी लिव्हर ढकलला. हलेना. इंजिन बंद करून ते उतरले. पुढचा ब्रेक धरत असेल असं म्हणून डाव्या चाकाखाली जॅक लावला आणि गाडी उचलायला लागले. टायर जमिनीपासून बोटभर सुटला मात्र, कुणी हात न लावता चाक खाडकन अर्धा फेरा फिरलं. अगदी त्यांच्या तोंडाजवळ. गाडीच्या पोटात कसलातरी दणका बसला आणि मघाशी दोन हातांनी न हलणारा लिव्हर आपोआप ढिला पडला.

वस्ताद उकिडवेच बसून राहिले. मग जॅक काढला, गाडीत बसले, आणि पुन्हा एक फेरी मारली. पुन्हा जड, पुन्हा लिव्हर घट्ट. टाकीच्या मागं भिंतीलगत सिमेंट कमी पडल्यामुळं मातीची एक पट्टी उरली होती. गाडी तशीच त्या मातीत घातली, मागंपुढं केली. लिव्हर एका बोटानं सुटला.

ते खाली उतरले आणि टाकीभोवतीच्या काळ्या पट्ट्यांवरून चालत एक पूर्ण चक्कर मारली. झाडणारी बाई बादली घेऊन उभी होती. "घासू का?" तिनं विचारलं. वस्ताद म्हणाले, "राहू दे."

काय काय आठवलं असेल त्यांना त्या चकरेत. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते अर्ज करकरून यांनीच मागून घेतलं होतं. फेरी यांची. माती होती तोवर ती फेरी गाड्यांना औषध होती, सिमेंट झाल्यावर तीच रोज सकाळी त्यांचे हातपाय पिरगाळत होती. ज्यांनी यांना फसवलं, नुसतं लिव्हरला हात लावून सोंग केलं, त्यांच्या गाड्या धड राहिल्या. ज्यानं यांचा शब्द झेलला, दुप्पट झेलला, त्याची गाडी मोडली. लोखंड खोटं बोललंच नव्हतं. महिनोन्‌महिने कडक जमिनीवर फोर-व्हीलमध्ये वळवली, असं ते सांगत होतं, ते खरंच होतं. कुणी वळवायला लावली, एवढंच यांनी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, आणि चोर हात मिळवून घरी आला.

वस्ताद तसेच साहेबांच्या खोलीत गेले. हात तेलाचे होते, धुतले नाहीत. सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हते. ऐकून घेतलं, मग पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

"मग आता मी वर काय लिहू?" साहेब म्हणाले. "मोठ्या साहेबांनी फीत कापलेल्या यार्डानं गाडी मोडली?"

"वस्तादानं मोडली असं लिहा."

"कोण विश्वास ठेवेल? मेहुणा आहे तुमचा. घरून तगादा लागला म्हणून म्हातारा जाता जाता फिरला, असंच म्हणतील. तेव्हा तुम्ही आपल्या माणसाविरुद्ध बोललात म्हणून तुमचा शब्द सोन्याचा ठरला. आता आपल्या माणसाच्या बाजूनं बोलताय, तर तो कथलाचा ठरणार."

"साहेब, चला, दाखवतो. दोन फेऱ्यांत दिसेल."

साहेबांनी खिडकीतून यार्डाकडं बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडं. "लेखी द्या," म्हणाले.

वस्तादांनी पंधरावा अर्ज लिहिला. त्यावर 'पाहिले' असा शिक्का बसला आणि तो फायलीत गेला. आठवड्यानं फलकावर एक नोटीस लागली. डिझेल वाचवण्यासाठी यार्डातली सकाळची फेरी बंद करण्यात येत आहे. ड्रायव्हरांना आनंद झाला. एकानं वस्तादांना येऊन विचारलंही, "वस्ताद, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

त्या रविवारी वस्ताद मेहुण्याला शोधत गेले. शहराबाहेर लाकडाची एक मोठी वखार होती. तिच्या फाटकावर तो बसायचा. गाडी आली की आडवा बांबू वर करायचा, नंबर लिहायचा, बांबू खाली सोडायचा. बसायला पत्र्याचं खोपटं. दाढी वाढली होती. वस्तादांना पाहून तो उठला आणि आपलं स्टूल त्यांना दिलं. स्वतः लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"ताई बरी आहे ना?" त्यानं पहिलं तेच विचारलं.

वस्ताद वाटेत दहा वेळा घोकून आले होते. त्यांनी सगळं सांगितलं. फेरी, सिमेंट, आपोआप फिरलेलं चाक, मातीत सुटलेला लिव्हर. मधे एक ट्रक आला, मेहुणा उठला, बांबू वर केला, नंबर लिहिला, परत येऊन बसला. वस्तादांनी पुढं सांगितलं. "चूक माझी होती," म्हणाले. "तुझी एक टक्काही नव्हती. तू मला सांगितलं होतंस, स्टिअरिंग जड लागतं म्हणून. मी तुझी चेष्टा केली."

हे शब्द वस्तादांनी आयुष्यात कुणाला म्हटले नव्हते. मेहुणा मान खाली घालून ऐकत होता. मग तो हसला, आणि ते हसणं अगदी मायेचं होतं.

"ताईनं पाठवलं ना तुम्हाला?"

"अरे, कुणी नाही पाठवलं. मी स्वतः बघितलं."

"दाजी, नका माझ्यासाठी असं बोलू. तुम्हाला खोटं बोलायला जमत नाही." त्यानं हातातली पेन्सिल कानावर खोचली. "पहिले दोन महिने मला वाटायचं, आपण नाही केलं. मग एकेक दिवस आठवायला लागलो. इतकी वर्षं गाडी चालवली, कधीतरी उतरताना लिव्हर सोडायचा राहिला असेल. राहिलाच असेल. आता मला डोळ्यांपुढं दिसतं, मी ओढलाय ते. पुलाजवळचं वळण पण दिसतं. तुमची चूक कशी होईल? तुम्ही लोखंड वाचता. मला स्वतःच्याच हाताची खात्री नाही."

"तो हात चांगला आहे रे," वस्ताद म्हणाले.

"पीठगिरणीवाला टेम्पोवर बोलवत होता, लायसन्स परत काढून देतो म्हणाला. मी नाही गेलो. कुणाचा आणखी एक पाय जायचा." तो उठला, कारण दुसरा ट्रक आला होता. "त्या लाइनमनकडं जाऊन आलो मी. माफी मागितली. फार चांगला माणूस आहे. चहा पाजला त्यानं."

वस्ताद म्हणाले, "माझ्याबरोबर यार्डात चल. तुझ्या डोळ्यांनी बघ."

"नको, दाजी. जे झालं ते मी मान्य केलंय, आता बरं वाटतं. पुन्हा उकरू नका."

वस्ताद घरी आले ते थेट आत. बायकोपाशी बसून त्यांनी तिलाही सगळं सांगितलं, सिमेंटपासून वखारीपर्यंत. ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. शेवटी वस्तादच म्हणाले, "तो माझं ऐकत नाही. तू सांग त्याला. तुझं ऐकेल."

"तुम्ही मान हलवलीत," ती म्हणाली. "आणि मी माझ्या तोंडानं त्याला तसं म्हणाले." मग उठली, चपला घातल्या आणि गेली.

वस्ताद खाटेवर बसून राहिले. वाट बघण्यापलीकडं हातात काही नव्हतं. ऊन भिंतीवरून खाली सरकलं. तासाभरानं, दीड तासानं ती परत आली. चपला काढल्या आणि दाराच्या चौकटीशी, तिथंच खाली बसली, जिथं तो उभा राहिला होता.

"पटलं का त्याला?" वस्तादांनी विचारलं.

"म्हणाला, ताई, मी तुझी खोटी शपथ घेतली होती. तुला काही झालं नाही, एवढंच माझं नशीब."